बदकाची राहिलेली झडती

लाईन गेली होती म्हणून मी ओसरीवर उजेडाला बसून तांदूळ निवडत होते. आमच्या तुमसरात वीज गेली की मागच्या गल्लीतल्या राइस मिलचं डिझेल इंजिन सुरू होतं, आणि ते सुरू झालं की मुरलीभाऊजी त्याच्यापाशी आहेत हे आम्ही घरात धरूनच चालत असू. त्या दुपारी ते इंजिन मधेच बंद झालं. अडखळून, खोकून नाही. कोणीतरी नीट हातानं बंद करावं तसं... आधी आवाज उतरला, मग एक उसासा, मग गप्प. लाईन तर आलेली नव्हती. मी सूप बाजूला ठेवून उठले, तोवर मिलमधला हमाल दारात सायकल आडवी टाकून आतच आला. म्हणाला, "बाई, मुरलीभाऊनं इंजिन बंद केलं, हात पुसले, बाजूच्या पोत्यावर बसले अन् आता उठूनच नाई राहिले." मी अनवाणी धावले. भाऊजी पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेले, हातात चिंधी तशीच. माझा दीर गेला तो असा. स्वतःच्या आधी त्यानं इंजिनाला विश्रांती दिली.

या पेपरच्या पुरवणीच्या संपादकांनी मला, एका निवृत्त शाळामास्तरणीला, भाऊजींवर लिहायला सांगितलं ते शोकसभेतलं माझं रडणं पाहून. "बाई, गोड आठवणी लिहा," म्हणाले. गोड करायला मी काही हलवाई नाही. त्या सभेत मी रडत होते ते संतापानं. माझ्या दिराच्या फोटोला हार घालायला जो गृहस्थ सर्वांत पुढे होता, त्यानंच त्याचं आयुष्य सोलून खाल्लं. त्याचं नाव लिहिलं तर संपादक कापतील, म्हणून लिहीत नाही. गाव त्याला अध्यक्ष म्हणतं, मीही म्हणते. ते कशाचे अध्यक्ष, हे पुढे येईलच. रोज सकाळी मिलच्या ओट्यावर बसून ते हा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन मोहाडीला आले, तेव्हा सासरी घरात हातमाग होता. सासरे विणत, आमचे हे लुगडी घेऊन बाजार करीत, आणि धाकटा मुरलीधर मागावर बसला की सूत तोडून ठेवी. त्याचं लक्षच नसे. त्याचे कान लागलेले असत तुमसरकडे. तिथून मँगनीजच्या खाणीकडे एक छोटी लाईन जात होती, खाणवाल्यांची खासगी. तिच्यावर खनिजाच्या गाड्यांखेरीज माणसांसाठी एक रेलकार चाले. एकच डबा, त्याच्याच पोटात डिझेल इंजिन. साहेबाच्या काळात जहाजातून आलेली. तिचं नाक गोल, पुढे काढलेलं, पाठ उतरती, खिडक्या तिरप्या, अंगावर कुठं कोपरा म्हणून नाही. वाऱ्याला कापत जावं म्हणून साहेबानं ती तशी घडवली म्हणे. आमच्या लोकांनी मात्र तिला पाहिलं आणि नाव ठेवलं, बदक. मुरलीधर त्या बदकावर आधी पुसापुशीला लागला, मग मदतनीस झाला आणि पुढे ड्रायव्हर. सासऱ्यांनी महिनाभर अबोला धरला. कोष्ट्याचं पोर लोखंड हाकते, हे त्यांना लाजेचं वाटे.

मला पहिल्यांदा बदकात बसवलं ते भाऊजींनीच. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि हा दीर सगळ्या डब्यासमोर ओरडतो, "वयनी, खिडकीपाशी बसा, बदक उडते!" उडालं नाही, पण काय सुरेख चाललं! दोन्ही बाजूंना धानाची शेतं, आमच्या बोलीत बांध्या, तळ्यात पाय बुडवून उभे बगळे, आणि आम्ही आवाज न करता त्यांच्यामधून. गाईम्हशी रुळावर आल्या की भाऊजी खिडकीतून हात काढून पितळी भोंगा वाजवत. रबरी गोळा दाबायचा, भोंऽऽक. डब्याला वेगळा हॉर्न होता, पण त्यानं जनावरं बुजतात म्हणून त्यांनी हा भोंगा बाजारातून आणून बसवला होता. खाणीचे मुकादम हसत. भाऊजी म्हणत, "हसा. म्हैस माह्या ओळखीची हाये, ती ऐकते." लग्न त्यांनी केलं नाही. स्थळं आणली तर म्हणायचे, "बदकात जागा कोठं हाये?" मी चिडायची, ते हसायचे, आणि स्थळं परत जायची.

पोळ्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे पोळ्याला गावचे बैल सजवून आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मैदानात, आंब्याच्या तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटेपर्यंत कोणी जोडी हलवायची नसते. त्या वेळात झडत्या होतात. झडती म्हणजे चार यमकी ओळी, शेवटी हर हर महादेवचा गजर. झडतीत कोणालाही काहीही सुनावावं, सावकाराला, पाटलाला, आमदाराला, आणि ज्याच्यावर झडती आहे त्यानं आपल्या जोडीचा कासरा धरून ती उभ्यानं ऐकावी. उत्तर असेल तर झडतीनंच द्यावं. खाणीवर जाणारी निम्मी माणसं शेतकऱ्यांचीच पोरं. त्यांनी एका वर्षी म्हटलं, वर्षभर आपल्याला ओढते ती ही, मग हिचा पोळा काहून नाही? झालं. तेव्हापासून रेल्वेच्या फाटकावर बदकासाठी वेगळं तोरण लागू लागलं. नाकाला गेरू, दिव्यांना झेंडूच्या माळा, वर बाशिंग, आणि समोर पुरणपोळीचा नैवेद्य. माझ्या सासूबाईंनी स्वतः त्याला ओवाळलं. सासऱ्यांचा अबोला सुटला तोही त्याच दिवशी, कारण गावानं त्यांच्या पोराच्या बदकाला बैलाचा मान दिला. मुरलीधर बाजूला कासरा धरल्यासारखा दोरी धरून उभा आणि डोळ्यांतून पाणी... हे सगळं किती वेडगळ होतं, आणि आम्ही किती सुखी होतो!

हाच वेडगळपणा आम्हाला भोवला. ऐंशीचं दशक लागलं आणि खाणीचा माल ट्रकांनी जाऊ लागला. छोटी लाईन बंद झाली, रूळ उखडायला आले, बदक साइडिंगला, बाजूच्या रुळावर, एकटं उभं राहिलं. आम्ही तोवर तुमसरात राहायला आलो होतो. नागपूरचे एक निवृत्त रेल्वे अधिकारी मुद्दाम येऊन त्याला पाहून गेले. म्हणाले, अशा घडणीच्या गाड्या जगात होत्याच थोड्या, त्यांतल्या बहुतेक भट्टीत गेल्या, ही तरी राखा. त्यांच्याच खटपटीनं लांबच्या एका मोठ्या संग्रहालयातून विचारणा आली: गाडी द्या, आम्ही छपराखाली ठेवू, रंग लावू, लोक बघायला येतील. खाणवाले म्हणाले, गावाची हरकत नसेल तर न्या. आणि गावानं मारुतीच्या पारावर सभा घेतली.

त्या सभेत अध्यक्ष उभे राहिले. तेव्हा ते नुसते मिलमालक होते. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तोरणाखाली उभा केलेला बैल आपण परगावी देतो काय?" बस्स. सगळी सभा पेटली. पोळ्याचा बैल दारचा असतो, तो विकत नाहीत, म्हातारा झाला तरी दारातच मरू देतात; हे आमच्या रक्तातच आहे. नागपूरचे अधिकारी हात जोडून सांगत होते, अहो ते लोखंड आहे, पावसात गंजेल. कोण ऐकतं? संग्रहालयाला नकार द्यायचा म्हणून हात वर करायला सांगितलं, तेव्हा सर्वांत पहिला हात माझ्या दिराचा होता. गावानं तिथंच बदक बचाव समिती काढली, मिलमालक अध्यक्ष झाले, आणि चौकात चौथरा बांधून होईस्तोवर बदक त्यांच्या मिलच्या आवारात, शेडखाली ठेवायचं ठरलं.

काय मिरवणूक निघाली होती, बाप्पा! गोल लाकडांवरून बदक ओढायला गावच्या बैलजोड्या लागल्या होत्या. भजनी मंडळ पुढे, पोरं छपरावर, बाया दारोदार कुंकू लावायला उभ्या. भाऊजी आत आपल्या जागेवर बसून भोंगा वाजवत होते. मिलच्या फाटकात आल्यावर अध्यक्षांनी त्यांना मिठी मारली. उतरताना भाऊजींनी भोंगा काढून घेतला. "चौथऱ्यावर चढलं का चमकवून बसवीन," म्हणाले. फाटकाला कुलूप लागलं. भाऊजी पुसायला गेले की मुनीम सांगे, रंगाचं काम सुरू आहे. पुढच्या खेपेला सांगे, साहेब बाहेरगावी आहेत, चावी त्यांच्यापाशी. आणि हा भोळा सांब घरी येऊन मला सांगे, "वयनी, रंग वाळाले टाइम लागते नं."

दिवाळीनंतरची गोष्ट. वीज गेली. मी अंगणात कपडे काढत होते, भाऊजी सायकल पुसत होते. मागच्या गल्लीतून इंजिनाचा आवाज आला. त्याआधी मिलला जुनं खडखडं इंजिन होतं. हा आवाज वेगळा, भरीव, एका लयीचा. भाऊजींचा हात थांबला. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेली नाही.

"वयनी... हे तं बदक बोलून राहिलं."

"काहीतरीच काय!"

"मी सांगतो नं. तेच हाये. चला तुम्ही माह्यासंग."

आम्ही दोघं गेलो. फाटक त्या दिवशी धान उतरवायला उघडं होतं. शेडमध्ये बदक नव्हतं. गोल नाक, उतरती पाठ, सगळं कापून भंगारवाल्याला गेलेलं, जमिनीवर नुसते तेलाचे डाग. बदकाची बाकं अध्यक्षांच्या ओट्यावर मांडलेली. गावचे लोक त्यांच्यावर बसून आपल्या कामाची वाट पाहत होते आणि आपण कशावर बसलोय हे त्यांना कळतही नव्हतं. आणि आत, सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट ठोकून, पट्टा चढवून, बदकाचं इंजिन धान भरडत होतं. अध्यक्ष आले. चेहऱ्यावर लाज शोधायला मी दिवा घेऊन जायला हवं होतं. म्हणाले, "मुरली, पावसानं सडून गेलं असतं. इंजिन तरी कामी आलं. पण आमच्या पोट्ट्यायले ते नीट चालवता नाई येत. तू येत जाय."

मला वाटलं, आता भाऊजी त्यांची गचांडी धरणार. मी तर पदर खोचलाच होता. आणि या माणसानं काय केलं? पुढे होऊन इंजिनाच्या अंगावर हात ठेवला, कान लावला आणि म्हणाला, "तेल कमी हाये." त्या दिवसापासून वीज गेली की ते मिलवर जाऊ लागले. मजुरी घेतली नाही, चहासुद्धा नाही. मी घरी भांडून भांडून थकले. चोराच्या घरी जाऊन आपल्याच चोरीच्या मालाला तेल घालता, लाज नाही वाटत? ते जेवत राहत. आमचे हे म्हणायचे, जाऊ दे, त्याचा जीव आहे त्यात. त्याचा जीव आहे, म्हणूनच तर माझा जळत होता.

पुढच्या पोळ्याला मी झडती रचली. शाळेत पोरांकडून यमकं पाठ करून घेणारी बाई मी, मला काय अवघड? अध्यक्षांची जोडी आता मानाची, तोरणाखाली पहिली. बदकाचं तोरण त्या वर्षी लागलंच नव्हतं, आणि त्याबद्दल गावात कोणी ब्र काढला नव्हता. सगळ्यांना ठाऊक होतं, पण धान भरडायला मिलचं दार सगळ्यांनाच लागतं. बायका झडती म्हणत नाहीत, म्हणून मी ती भाऊजींकडून घोकून घेतली. ते मुकाट म्हणत गेले. पोळ्याच्या संध्याकाळी ते गर्दीतून पुढे आले, अध्यक्षांच्या समोर उभे राहिले. वाजंत्री थांबली. अध्यक्षांच्या हातातला कासरा घट्ट झालेला मी बायकांच्या घोळक्यातून पाहिला. भाऊजींनी हात वर केला... आणि पावसाची, धानाची, दरसालची साधी झडती म्हटली. लोक हसले, गजर झाला, तोरण तुटलं. अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला त्या क्षणी दोघांनाही मारावंसं वाटलं.

घरी आल्यावर मी ताट आपटलं. "दातखीळ बसली होती का?"

भाऊजी खाली बघून म्हणाले, "वयनी, मी ते म्हटलं असतं तं गावात त्याची इज्जत गेली असती. मंग तो ते इंजिन एक दिवस मिलमंधी ठेवन काय? उखडून भंगारात फेकन. आता बदकाचं तेवढंच उरलं. चालू हाये, श्वास घेऊन राहिलं... चालू दे नं."

मी आपटलेलं ताट उचलून त्यांना वाढलं. पटलं म्हणून नव्हे. त्या माणसाकडे पाहून आणखी भांडवेना. ज्याचा सूड घ्यायचा, त्याच्याच हाती याचं काळीज ओलीस होतं. अध्यक्षांना हे कळत होतं. ते गावभर सांगत, मुरली आपल्या घरचा माणूस आहे. मग वर्षं तशीच गेली. भाऊजी रोज सकाळी, बदक सुटायच्या वेळेला, ओसरीवर उभे राहून भोंगा एकदा वाजवत. भोंऽऽक. गल्लीतली पोरं त्यावर शाळेला निघत, मीही त्यावर चहा ठेवी. मग ते भोंगा चिंचेनं घासून कोनाड्यात ठेवत. चौथरा झाला नाही, समिती कधी मोडली नाही, अध्यक्ष अध्यक्षच राहिले.

शोकसभा मिलच्या आवारात झाली. अध्यक्ष गहिवरून बोलले. मुरली माझा उजवा हात होता, त्यानं माझ्या मिलच्या सेवेत देह ठेवला, आणि आपल्या गावच्या ऐतिहासिक वारशासाठी आम्ही दोघांनी मिळून काय काय सोसलं, हे सांगताना त्यांनी डोळे पुसले. आम्ही दोघांनी मिळून! टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, नव्या सभागृहात काचेच्या पेटीत मुरलीचा भोंगा ठेवू. खाली माझ्या हस्ते म्हणून एक फरशी बसवू. पाठवून द्या." मी म्हटलं, "विचार करते." विचार कसला, हात शिवशिवत होते.

आणि त्याच आठवड्यात मिलवर नवा जनरेटर आला. मी आवाज ऐकून गल्लीच्या तोंडाशी गेले. बदकाचं इंजिन साखळीनं ओढून भंगाराच्या ट्रकमध्ये चढवत होते. बोल्ट निघेनात म्हणून घणानं पाय तोडले होते. चालवणारा फुकटचा माणूस गेला, मग त्याला ठेवून काय करायचं? अध्यक्ष ओट्यावर, बदकाच्याच बाकावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी ट्रक वळेपर्यंत उभी राहिले. रडले नाही. उलट छातीवरचा एक मोठा धोंडा कोणी उतरवावा तसं मला वाटलं. ज्याला जपायचं म्हणून भाऊजींनी तोंड शिवून घेतलं, ते आता उरलं नव्हतं. ना भाऊजी, ना बदक. आता मला कोणाची भीती?

भाऊजी, तुम्ही मला माफ करा किंवा करू नका. तुमचा स्वभाव तुमच्याबरोबर गेला, माझा अजून आहे. परवा पोळा आहे. अध्यक्षांची जोडी यंदाही पहिली उभी राहील. बायका झडती म्हणत नाहीत म्हणे. या वर्षी म्हणतील. पण त्या गर्दीत माझा आवाज पोचेल न पोचेल, वाजंत्रीवाले त्यांचेच, म्हणून आधी इथं छापून ठेवते. अध्यक्ष, पेपर खाली ठेवू नका. तोरणाखाली आहात असं समजा. कासरा धरा आणि उभ्यानं ऐका:

बदक देल्लं राखाले, अध्यक्षानं लावली कडी,
कातडं गेलं भंगारात, काळीज धान भरडी,
काळजाचा धनी आला, तं त्यालेच केला गडी,
सांगा पंचहो, कोणाच्या गोठ्यात कोणाची जोडी?
हर हर महादेव!

उत्तर द्यायचं तर झडतीनंच द्यायचं असतं, ही रीत तुम्हाला मी सांगायला नको. भोंगा मी पाठवणार नाही. आज सकाळी चिंचेनं घासून चकचकीत केलाय, रबरी गोळा नवा बसवलाय, आणि बदक सुटायच्या वेळेला ओसरीवर उभं राहून वाजवला, तेव्हा गल्लीतली पोरं दप्तर घेऊन बाहेर आली. परवा आखरावर तो माझ्या हातात असेल. तुम्ही उत्तर देऊन होईस्तोवर तोरण तुटू देणार नाही.